श्रीलंकेत लढलेल्या जवानाच्या पेन्शनसाठी मदतीचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, मुंबई-पुण्याची गावकरी मंडळी आणि माजी सैनिक बंधूंनो,

आपल्या तालुक्यातले महार रेजिमेंटचे एक माजी जवान आज वयाच्या ६२ व्या वर्षी दुसऱ्याच्या रानात राखणीला जातात. नाव छापायचं नाही ही त्यांचीच अट. गावाला ते माहीत आहेच.

ऑक्टोबर १९८७ मध्ये ऑपरेशन पवन सुरू झालं. श्रीलंकेतल्या यादवीत शांतता राखायला गेलेल्या आपल्या फौजेला एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशीच लढावं लागलं. मार्च १९९० मध्ये ती परतली तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन तिथेच धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. कारगिल शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, श्रीलंकेतल्या जाफन्याचं नाव काढलं तर चावडीवर विचारतात, "तिथं कधी लढाई झाली?"

आपल्या जवानाच्या पुढच्याच गाडीखाली सुरुंग फुटला. जीव वाचला, उजवा कान गेला. पुढे वडील वारले, घरात करतं कुणी उरलं नाही, म्हणून नऊ वर्षांच्या नोकरीनंतर त्यांनी स्वतः अर्ज करून डिस्चार्ज घेतला. तिथेच घात झाला. जवानाला सर्व्हिस पेन्शन लागते ती १५ वर्षांच्या सेवेवर. डिसॅबिलिटी पेन्शनसाठी किमान २० टक्के अपंगत्व आणि ते नोकरीमुळे आलं असा कागद लागतो. यांच्या डिस्चार्ज बुकात कानाचा शब्दही नाही. पेन्शन नसलेल्या, हलाखीतल्या माजी सैनिकांसाठी पेन्युरी ग्रँट नावाची मदत आहे, पण ती पासष्टीनंतर.

आता सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जायचं ठरलं आहे. निकाल बाजूने लागेलच असं आम्ही सांगत नाही. स्वतःहून घरी आलेल्यांची केस अवघड असते.

म्हणून पैशाआधी साक्षीदार हवेत. त्या काळात श्रीलंकेत असलेल्या, विशेषतः त्यांना जखमी अवस्थेत पाहिलेल्या सोबत्यांनी पुढे यावं. घरातल्या ट्रंका एकदा उघडून बघा. जुना फोटो, तिकडून आलेलं पत्र, युनिटचा एखादा कागद, काहीही चालेल.

वर्गणीतून वकिलाची फी, मुंबईच्या फेऱ्या, श्रवणयंत्र आणि महिन्याचा किराणा भागवायचा आहे. त्यांच्या हातात पैसे देऊ नका, ते घेत नाहीत. दोघांना परत पाठवलंय. वर्गणी संघटनेच्या खात्यात भरावी व ग्रामपंचायत कार्यालयातून पावती घ्यावी. हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल.

आपले,
अध्यक्ष व सभासद, माजी सैनिक संघटना