पाठीतलं पाणी काढायला नकार देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कबुतरांना दाणे घालावेत की नाही, यावर पुण्यात वाद चालूच आहे. त्यांच्या विष्ठेत वाढणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशीचं नावही लोकांच्या कानावर गेलंय. पण ही बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली की रुग्ण कशाने दगावतो, हे कुणी सांगत नाही. मेडिसिन वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरी केली, म्हणून लिहिते आहे.

एचआयव्हीचे, किडनी बदललेले, दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेले, अशांना हा मेंदूज्वर गाठतो. सुरुवातीला नुसतं डोकं दुखतं. ताप येतोच असं नाही, मानही आखडतेच असं नाही. घरचे पित्त समजून आलेपाक देत राहतात. मग उलट्या सुरू होतात, एकाचे दोन दिसायला लागतात. बुरशीच्या चिकट कवचामुळे मेंदूभोवतीच्या पाण्याचा निचरा तुंबतो आणि कवटीतला दाब वाढतो. हेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं; तिथे सुई घालून, तिला उभी नळी जोडून हा दाब मोजतात. नळीत पाणी साधारण २० सेंटिमीटरपर्यंत चढावं; ते ४० च्या वर चढताना मी पाहिलंय. रुग्ण कुशीवर, गुडघे पोटाशी, ‘दिवा बंद करा’ एवढंच म्हणत होता. पाणी काढलं, दाब उतरला आणि तो गाढ झोपला.

अ‍ॅम्फोटेरिसिन हे औषध बुरशी मारतं, पण त्याला वेळ लागतो. तोवर दाब उतरवायचा तर पाणी काढणं हाच खरा इलाज, गरज पडली तर रोज. मेंदूची सूज उतरवायला एरवी देतात त्या मॅनिटॉलवर इथे भागत नाही. दाब तसाच राहिला तर दृष्टी कायमची जाऊ शकते, जीवही जातो.

आणि नेमकं इथेच नातेवाईक अडतात. ‘काल काढलं ना, आज परत कशाला? कण्यात सुई घातली की माणूस लुळा पडतो.’ अहो, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली सुई घालतात! मेंदूत गाठ वगैरेची शंका असेल तर आधी स्कॅन करतात. हे मराठीत, बसून, पाच मिनिटं समजावलं तर लोक सही करतात, हा माझा अनुभव आहे. पण गर्दीच्या वॉर्डात ती पाच मिनिटं कुणी देत नाही, याचं फार वाईट वाटतं.

पाणी तपासायला पाठवतात, पण दाब मोजायचा राहून जातो, असंही होतं. मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायची खुणांची नळी, नसेल तर सलाईनची नळी उभी धरून टेपने मोजता येतं. तेव्हा नातेवाइकांनी ‘दाब किती आला?’ हे जरूर विचारावं. आणि एचआयव्ही असलेल्या ज्यांचं सीडी४ (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींची संख्या) १०० च्या खाली आहे, त्यांनी डोकं दुखायची वाट न पाहता रक्तात या बुरशीचा अंश शोधणारी क्रिप्टोकॉकल अँटिजेन तपासणी करून घ्यावी.

– एक निवृत्त परिचारिका, कोथरूड, पुणे