‘हिज’, ‘हर’ आणि आपले ‘आपला’

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका पालकांचे पत्र वाचले. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते, तरीही दहावीतली मुले ‘माय फादर वेंट टू देअर ऑफिस’ असे लिहितात, याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला होता आणि त्याचे खापर मुलांच्या निष्काळजीपणावर व शिक्षकांच्या उदासीनतेवर फोडले होते. माध्यमिक शाळेत ३१ वर्षे इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आहे. उदासीन शिक्षक नसतात असे मी म्हणणार नाही. मात्र त्या पालकांनी दिलेले उदाहरण निष्काळजीपणाचे नसून घरच्या चांगल्या वळणाचे आहे, आणि इंग्रजीतील स्वामित्वदर्शक शब्दांच्या बहुतेक चुका अशाच मराठीच्या चोख ज्ञानातून निघतात, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

‘बाबा त्यांच्या ऑफिसात गेले’ हे मराठी वाक्य पाहा. ‘बाबा त्याच्या ऑफिसात गेला’ असे म्हणणारा मुलगा पुष्कळ घरांत बोलणी खाईल. आदरार्थी बहुवचन मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. ‘त्यांचा’ म्हणजे ‘देअर’ हे त्यांनी पाठ केलेले असते. तेव्हा आदर जसाच्या तसा इंग्रजीत उतरतो आणि बाबा एकटे असूनही ऑफिस अनेकांचे होते. ‘सर त्यांच्या गाडीतून आले’, ‘आजी त्यांच्या माहेरी गेल्या’ या वाक्यांचेही तेच होते. येथे तांबड्या शाईची रेघ मारून काही साधत नाही. इंग्रजीत आदर सर्वनामाच्या वचनातून दाखवत नाहीत, हे एकदा स्पष्ट सांगावे लागते. मी वर्गात राजाचे उदाहरण देत असे. इंग्लंडच्या राजाचा उल्लेख करताना ‘मॅजेस्टी’ हा भारदस्त शब्द येतो, पण त्याच्या आधी आपले साधे एकवचनी ‘हिज’च येते. राजाला जे चालते ते आपल्या सरांनाही चालायला हरकत नाही, असे म्हटले की मुले हसत आणि नियम लक्षात ठेवत. आता ‘एव्हरीवन शुड ब्रिंग देअर बुक’ अशा वाक्यात इंग्रज माणूसही एकासाठी ‘देअर’ वापरतो आणि ती रूढी काही शतकांची आहे, हे खरे; परंतु तेथे व्यक्ती स्त्री की पुरुष हे अनिश्चित असते म्हणून तसे होते, आदराचा तेथे संबंध नसतो. हा बारकावा नववी-दहावीत सांगावा, पाचवीत सांगून गोंधळ वाढवू नये.

याहून खोल चूक ‘हिज’ आणि ‘हर’ यांची आहे. तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी असावी. मराठीतील ‘तिचा भाऊ’ हा शब्दप्रयोग उलगडून पाहिला, तर ‘तिचा’ या एका शब्दात दोन लिंगे नांदताना दिसतात. ‘ति’ हा पुढचा भाग मालकीण स्त्री आहे हे सांगतो आणि ‘चा’ हे शेपूट भाऊ पुल्लिंगी आहे हे सांगते. ‘त्याची बहीण’ म्हटले की दोन्ही बाजू उलटतात. हिंदीत यांपैकी फक्त शेपूट उरते. ‘उसका भाई’ यातला ‘उसका’ रामाचा की सीतेचा हे त्या शब्दावरून कळत नाही. फ्रेंचमध्येही तशीच रीत आहे. इंग्रजीत याच्या नेमके उलटे होते, म्हणजे शेपूट गळते आणि पुढचा भाग राहतो. भाऊ असो, बहीण असो की घर असो, मालकीण स्त्री असेल तर ‘हर’, मालक पुरुष असेल तर ‘हिज’. या हिशेबाने मराठी मुलाला हिंदीभाषक मुलापेक्षा हे सोपे जायला हवे, कारण मालक कोण हे सांगण्याची सवय त्याला आधीपासून आहे.

मग तरीही ‘सुनीता टाइड राखी टू हिज ब्रदर’ असे वाक्य वहीत का येते? कारण मूळ मराठी वाक्यात ‘तिच्या’ नसतेच. आपण म्हणतो, ‘सुनीताने आपल्या भावाला राखी बांधली.’ कर्त्याचीच वस्तू असेल तर मराठी ‘आपला’ हा शब्द पसंत करते, आणि या शब्दात मालकाच्या लिंगाची खूण उरत नाही. पोरासमोर उरतो तो फक्त भाऊ. भाऊ पुल्लिंगी, म्हणून ‘हिज’. त्याच न्यायाने शंकरच्या आईला ‘हर मदर’ केले जाते, आणि वाचणाऱ्या इंग्रजी माणसाला वाटते की शंकर दुसऱ्याच कोणा मुलीच्या आईविषयी बोलतो आहे. काही मुले तर ‘आपला’ दिसताच डोळे मिटून ‘अवर’ लिहितात, आणि मग राम आपल्या बहिणीला घेऊन आला की ती आम्हा सगळ्यांची बहीण होते.

‘आपला’ हा शब्द इतका लाघवी आहे की त्याच्या सर्व अर्थांना पुरा पडणारा एक शब्द इंग्रजीत नाही. ‘आपला देश’ यातला ‘आपला’ बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकत्र धरतो, तर ‘आमचा’ ऐकणाऱ्याला बाजूला ठेवतो. इंग्रजीत दोन्हींना ‘अवर’ एवढेच. ‘आपले पत्र मिळाले’ यातला ‘आपले’ मात्र आदराचा ‘तुमचे’ आहे, तेथे ‘युअर’ हवे. आणि ‘मी आपला गप्प बसलो’ यातल्या ‘आपला’चे इंग्रजी करायला जाऊच नये, तो तेथे कोणाच्याच मालकीचा नाही, नुसता वाक्याला टेकून बसलेला आहे. म्हणून मी वर्गात एक शिस्त घालून दिली होती. इंग्रजी करण्याआधी वाक्यातला ‘आपला’ खोडायचा आणि त्या जागी माझा, तुझा, त्याचा, तिचा, त्यांचा यांपैकी जो बसेल तो लिहायचा. ‘सुनीताने तिच्या भावाला’ असे एकदा मराठीत लिहिले, की ‘हर’ आपोआप सुचते. पंधरवडाभर हा खाडाखोडीचा सराव केला की बहुतेक मुलांची ही चूक जात असे.

आठवीपासून संस्कृत घेणाऱ्या मुलांना याहून जवळची वाट आहे आणि ती आपण वापरत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. मम माता, मम पिता, मम पुस्तकम्. ‘मम’ काही बदलत नाही, तसेच ‘माय’ बदलत नाही. तस्य भगिनी म्हणजे त्याची बहीण, तस्याः भ्राता म्हणजे तिचा भाऊ. ‘तस्य’ आणि ‘तस्याः’ फक्त मालकाकडे पाहतात, वस्तूकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ‘हिज’ आणि ‘हर’ यांचे वागणे हेच आहे. परंतु संस्कृतचा तास वेगळा, इंग्रजीचा वेगळा, आणि दोन्ही शिक्षक शिक्षकदालनात एकाच टेबलावर डबा खात असले तरी त्यांचे तक्ते एकमेकांना कधी भेटत नाहीत.

निर्जीव वस्तूंचा प्रश्न यातूनच निघतो. खुर्ची स्त्रीलिंगी, म्हणून ‘तिचा पाय मोडला’, म्हणून ‘हर लेग’. पुस्तक नपुंसकलिंगी, पण ‘त्याचे पान’ यातला ‘त्याचे’ पुरुषालाही तोच, म्हणून ‘हिज पेज’. या दुसऱ्या चुकीवर हसण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की जुन्या इंग्रजीतही नेमके असेच होते. तेथे ‘हिज’ हे पुरुषासाठी आणि निर्जीवासाठी एकच रूप होते. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात मिठाचा खारटपणा गेला तर काय, या प्रसिद्ध वचनात मिठासाठी ‘हिज’ हाच शब्द आहे. ‘इट्स’ हे रूप सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापील इंग्रजीत दिसू लागले आणि सतराव्या शतकात स्थिरावले. म्हणजे ‘हिज पेज’ लिहिणारा आपला मुलगा चारशे वर्षे उशिरा जन्मला, एवढाच त्याचा दोष.

‘इट्स’चे दुसरे दुखणे अपॉस्ट्रॉफीचे आहे आणि ते देवनागरीत दाखवणेही कठीण, कारण दोन्ही ‘इट्स’ कानाला सारखेच लागतात. आय, टी, एस ही तीन अक्षरे सलग लिहिली तर ‘त्याचे’. टी आणि एस यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी आली तर ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांचा संक्षेप. चूक होण्याचे कारण उघड आहे. रामाचे, शाळेचे, मुलाचे असे नामावरून स्वामित्व दाखवताना आपण मुलांना अपॉस्ट्रॉफी द्यायला शिकवतो. मग सर्वनामाला ती का नको, असे त्यांना वाटते. उत्तर असे की हिज, हर्स, इट्स, अवर्स, युअर्स, देअर्स ही तयार रूपे आहेत, त्यांच्यात स्वामित्व मुरलेलेच आहे. ‘हूज’चीही तीच गत, ‘कोणाचे’ या अर्थी त्याचे स्पेलिंग वेगळे आणि त्यात अपॉस्ट्रॉफी नाही. गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर, दुकानांच्या पाट्यांवर, एवढेच काय शाळांच्या निमंत्रणपत्रिकांवरही ही चूक मी पाहिली आहे, आणि इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही ती सर्रास करतात. सर्वांत जास्त वेळा ती मी पाहिली ती अर्जाच्या शेवटी. ‘युअर्स फेथफुली’ यातल्या ‘युअर्स’वर अपॉस्ट्रॉफी देण्याचा मोह पदवीधरांनाही आवरत नाही.

‘माय’ आणि ‘माइन’ यांचा गोंधळ समजायला सोपा आहे. ‘हे माझे पुस्तक आहे’ आणि ‘हे पुस्तक माझे आहे’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘माझे’ पुरते. इंग्रजीत नाम मागे उभे असेल तर ‘माय’ आणि नामाशिवाय शब्द एकटा पडला तर ‘माइन’. म्हणून ‘धिस बुक इज माय’ हे वाक्य मराठी कानाला अपुरे वाटत नाही. संस्कृतची वाट येथे मात्र बंद होते, कारण ‘मम’ दोन्हीकडे चालते. गंमत अशी की ‘माय’ आणि ‘माइन’ हे मुळात एकच शब्द होते. व्यंजनापूर्वी शेवटचा न गळाला आणि ‘माय’ झाले, आणि स्वरापूर्वी ‘माइन आइज’ असे कवितेत पुष्कळ काळ चालत राहिले. ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ यांची गोष्ट हीच आहे. याच जातीची आणखी एक चूक म्हणजे ‘माझा एक मित्र’ याचे ‘माय वन फ्रेंड’. तेथे ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ किंवा ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ असे हवे. पहिल्या प्रकाराचे शब्दशः मराठी करू गेले तर ते विचित्र वाटते, म्हणूनच ते मुद्दाम घोकून घ्यावे लागते.

काही वेळा चूक शब्द वापरण्यात नसून न वापरण्यात असते, आणि तिच्याकडे परीक्षकांचेही लक्ष जात नाही. ‘तिने डोळे मिटले’, ‘त्याने हात धुतले’ या वाक्यांत डोळे आणि हात कोणाचे, हे मराठी सांगत बसत नाही. दुसऱ्याचे कशाला मिटेल? इंग्रजीला मात्र ‘हर आइज’ आणि ‘हिज हँड्स’ असे प्रत्येक वेळी सांगावे लागते. ‘बायकोला घेऊन ये’ याचे इंग्रजी ‘युअर’ शिवाय केले तर कोणाची बायको, असा प्रश्न उरतो.

या सर्वांवरून माझे म्हणणे एवढेच आहे की स्वामित्वदर्शक शब्दांचा जो तक्ता मुलांकडून पाठ करून घेतला जातो, त्यात या अडचणींपैकी एकही दिसत नाही. तक्ता इंग्रजीचा आहे; अडचणी मराठीच्या आहेत. आधीच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवले तेव्हा त्यांना दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहण्याची सवय लागली. आज अनेक शाळांत इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द उच्चारला तर शिक्षकालाच कमीपणा येतो, आणि ‘त्यांचा’, ‘आपला’, ‘माझे’ या तीन शब्दांबद्दल दहा मिनिटे बोलण्याची मुभा त्याला राहत नाही. इयत्ता पाचवी ते सातवीच्या इंग्रजी पुस्तकांत, निदान शिक्षकांसाठी असलेल्या सूचनांत, या तीन शब्दांसाठी एक पान द्यावे, अशी माझी पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांना विनंती आहे. त्या पालकांनाही सुचवावेसे वाटते की मुलाने पुन्हा ‘देअर ऑफिस’ लिहिले, तर ते वाक्य त्याला आधी मराठीत म्हणायला सांगावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, सातारा