लाइम आजाराच्या तपासणी अहवालातील दिशाभूल करणाऱ्या शेऱ्याबाबत तक्रार

दिनांक : २२ सप्टेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
प्रयोगशाळेचे मुख्य कार्यालय.

विषय : ८ जुलै २०२५ रोजी साताऱ्यातील कलेक्शन सेंटरवर दिलेल्या रक्तनमुन्याचा अहवाल दुरुस्त करून मिळणे व त्यानंतरच्या दोन तपासण्यांचे शुल्क परत मिळणेबाबत.

महोदय,

मी साताऱ्याच्या शनिवार पेठेत राहणारा निवृत्त शिक्षक असून गेली आठ वर्षे आमच्या घरातल्या सगळ्या रक्ततपासण्या पोवई नाक्याजवळच्या आपल्या सेंटरवरच होत आल्या आहेत. प्रस्तुत तक्रार माझ्या पत्नीच्या (वय ६१) लाइम आजाराच्या, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या जिवाणूजन्य आजाराच्या, तपासणीबाबत आहे. ती मी फोनवरून दोनदा नोंदवली आणि दोन्ही वेळा मला एकच उत्तर मिळाले, की मशीन तपासले, त्या दिवशीचे नियंत्रण नमुने (उत्तर आधीच ठाऊक असलेले पडताळणीचे नमुने) बरोबर आले होते, सबब अहवालात चूक नाही. मशीन चुकले असे माझे म्हणणे कधीच नव्हते. रक्तात त्या दिवशी जे होते ते मशीनने बरोबर सांगितले असेल. परंतु त्या आकड्यांखाली आपण "लाइम आजाराचा संसर्ग नाही" असा जो शेरा छापला, तो काढण्याइतके त्या तपासणीला कळतच नव्हते, आणि त्या एका ओळीवर विसंबल्यामुळे माझ्या पत्नीचा उपचार महिनाभर लांबला.

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे एप्रिलमध्ये अमेरिकेत कनेटिकट राज्यात गेलो होतो. ज्या लाइम गावावरून या आजाराला नाव पडले, ते गाव त्याच राज्यात आहे. १९७५ च्या सुमारास तिथल्या मुलांच्या सुजलेल्या सांध्यांवरून शोध सुरू झाला आणि शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीत सापडलेला जिवाणू त्याला कारण असल्याचे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. आम्हाला यातले तेव्हा काहीच ठाऊक नव्हते. २६ जून रोजी, निघण्याच्या आठवडाभर आधी, पत्नीला डाव्या गुडघ्याच्या मागे एक काळा ठिपका दिसला आणि तिने तो नखाने काढून टाकला. आपल्याकडे गोचीड म्हटली की म्हशीच्या कानामागे वाटाण्याएवढी फुगलेली डोळ्यांपुढे येते. तिकडची पिल्लावस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, त्यामुळे तिला तो धुळीचा कण वाटला.

२ जुलैला आम्ही साताऱ्यात परतलो. ४ जुलैला त्याच जागी लाल चट्टा उठला. तो वाढतो आहे असे वाटले म्हणून मी त्याच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून ठेवली. तिसऱ्या दिवशी चट्टा रेघेच्या दोन बोटे बाहेर गेला होता. पत्नीने हातातली काचेची बांगडी काढून त्यावर टेकवली, तर लाल कड बांगडीच्याही बाहेर दिसत होती. खाज नव्हती, ठणका नव्हता, थोडी कणकण मात्र होती. आमच्या डॉक्टरांनी प्रवासाची हकीकत ऐकताच लाइमची शंका घेतली, डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि रिपोर्ट पाहून सुरू करू असे सांगितले. ८ जुलैला आम्ही रक्त दिले. आपल्या फॉर्मवर नाव, वय, डॉक्टरांचे नाव आणि उपाशीपोटी आहे की नाही एवढेच विचारले होते. गोचीड चावल्याची तारीख, चट्टा उठल्याची तारीख आणि अमेरिकेचा प्रवास या तीन गोष्टी मी काउंटरवरच्या मुलीला आपणहून सांगितल्या. ती अदबीने म्हणाली, "काका, त्याला कॉलम नाही."

११ जुलैला अहवाल आला : आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह (या दोन प्रकारच्या अँटीबॉडी), आणि खाली शेरा, "लाइम आजाराचा संसर्ग नाही." डॉक्टरांनी गोळ्या सुरूच केल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. साताऱ्यात बसून हा आजार त्यांनी पूर्वी पाहिलेला नव्हता आणि समोर नामांकित प्रयोगशाळेचा, सही-शिक्क्याचा निःसंदिग्ध अहवाल होता.

ही तपासणी जिवाणू शोधत नाही, जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी शोधते, हे आपल्याला मी सांगायला नको. त्या तयार व्हायला काही आठवडे लागतात. चट्टा मात्र चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत उठतो, म्हणजे बहुधा अँटीबॉडीच्या आधी. म्हणूनच चट्टा असताना रक्त तपासले तर निम्म्याहून अधिक रुग्णांचा निकाल निगेटिव्ह येतो, आणि अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की हा आजार आढळणाऱ्या प्रदेशात राहून आलेल्या माणसाच्या अंगावर हा विशिष्ट चट्टा दिसला तर रक्ततपासणीची वाट न पाहता त्यावरूनच निदान करावे. माझ्या पत्नीचा नमुना चट्टा उठल्यापासून चौथ्या दिवशी घेतलेला होता. त्या दिवशी या अहवालाला फार तर एवढेच म्हणता आले असते, की अँटीबॉडी अद्याप आढळल्या नाहीत, लक्षणे ताजी असल्यास यावरून आजार नाही असे समजू नये आणि गरज वाटल्यास दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा नमुना द्यावा. एवढी दोन वाक्ये छापायला कोणते नवे यंत्र लागत नाही.

९ ऑगस्टला सकाळी चूळ भरताना पत्नीच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी गळू लागले. आरशात पाहिले तर तोंड एका बाजूला ओढले गेले होते आणि उजवा डोळा मिटत नव्हता. लकवा मारला या भीतीने आम्ही तिला तसेच रुग्णालयात नेले. मेंदूचा स्कॅन निर्वेध निघाला आणि लाइममुळे चेहऱ्याची नस लुळी पडली होती हे पुढे कळले, पण त्या चार तासांत घरातल्या प्रत्येकाचे काय झाले ते मी लिहू शकत नाही. पुढचे तीन आठवडे रोज रात्री मी तिची पापणी खाली ओढून वरून कागदी चिकटपट्टी लावत होतो, कारण उघडा राहिलेला डोळा कोरडा पडून बुबुळाला इजा होण्याची भीती होती. मुलीने जुलैतल्या चट्ट्याचा फोटो तिकडच्या त्यांच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, की हे दिसत असताना गोळ्या का दिल्या नाहीत?

११ ऑगस्टला आपल्याकडेच पुन्हा रक्त दिले. या वेळी अहवालात फक्त "लाइम पॉझिटिव्ह" असे होते. पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तो पाहून दुसरी पायरी कुठे आहे असे विचारले, तेव्हा मला कळले की ही तपासणी मुळात दोन पायऱ्यांची आहे. पहिली एलायझा (अँटीबॉडी आहेत का ते पाहणारी चाचणी), ती पॉझिटिव्ह किंवा संदिग्ध आली तर त्याच नमुन्यावर इम्युनोब्लॉट (अँटीबॉडी पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) किंवा वेगळ्या घडणीची दुसरी एलायझा करायची आणि दोन्हींचा मिळून निष्कर्ष काढायचा. अमेरिकेच्या सीडीसीने (तिकडच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) ही पद्धत १९९५ पासून सांगितलेली आहे आणि दुसऱ्या पायरीला ब्लॉटऐवजी एलायझा वापरण्यास २०१९ मध्ये तिकडे मान्यता मिळाली. आपल्या प्रयोगशाळेत मात्र दुसरी पायरी स्वतंत्र तपासणी म्हणून विकली जाते. आम्हाला नवे शुल्क भरून पत्नीचे रक्त पुन्हा द्यावे लागले, आणि त्या अहवालातही किती पट्टे उमटले ते लिहिलेले नव्हते. सीडीसीच्या निकषानुसार आयजीजीला दहापैकी किमान पाच पट्टे लागतात; आयजीएमला तीनपैकी दोन, तेही लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या तीस दिवसांतच ग्राह्य धरतात. पट्टे आणि लक्षणांची तारीख या दोन्ही गोष्टी कागदावर नसतील तर वाचणाऱ्या डॉक्टरांनी पडताळायचे काय? युरोपातले लाइमचे जिवाणू बरेचसे वेगळ्या जातीचे आहेत, तेव्हा तपासणीचा संच (किट) कोणता वापरला हेही नोंदवायला हवे होते.

पहिली पायरीच निकाल म्हणून देण्यातला धोका माझ्या पत्नीपुरता नाही. संधिवात, सिफिलिस किंवा काही विषाणूजन्य तापांत ही एलायझा खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आपण हीच तपासणी सांधेदुखीच्या पॅकेजमध्ये घालून विकता. अशा प्रदेशात कधीही न गेलेल्या कोरेगाव-खटावच्या माणसाला गुडघेदुखीसाठी "लाइम पॉझिटिव्ह" असा कागद हातात मिळाला, तर तो खोटा असण्याचीच शक्यता अधिक, आणि त्याला ते सांगणारे कोणी भेटेलच असे नाही.

१२ ऑगस्टपासून २१ दिवस डॉक्सिसायक्लिन दिल्यावर चेहरा सुधारला. आता फक्त हसताना उजवी बाजू किंचित मागे राहते. आम्ही सावरत होतो, तोच ८ सप्टेंबरला आपल्या कंपनीचा संदेश आला, की "उपचार यशस्वी झाल्याची खात्री करा, पुनर्तपासणीवर सवलत." पत्नीने १० तारखेला जाऊन रक्त दिले आणि अहवाल पुन्हा पॉझिटिव्ह आला. लाइमच्या अँटीबॉडी जिवाणू मेल्यानंतरही कित्येक महिने, काहींच्या बाबतीत कित्येक वर्षे रक्तात राहतात, म्हणून आजार बरा झाला की नाही हे या तपासणीवरून ठरवत नाहीत. हे तिला समजावून सांगेपर्यंत तिने तीन रात्री झोपेविना काढल्या. जंतू अजून अंगात आहे या समजुतीने ती नातवाला व्हिडिओ कॉलवरसुद्धा धड पाहत नव्हती. ही तपासणी तिला नको त्या कामासाठी आपण स्वतःहून विकली, याचे मला जुलैतल्या शेऱ्याइतकेच वाईट वाटते.

माझी मागणी अशी आहे, की ११ जुलैच्या अहवालातील शेरा रद्द करून नमुन्याची वेळ विचारात घेतलेला सुधारित अहवाल द्यावा; तो पत्नीच्या कायमच्या कागदपत्रांत राहणार आहे. दुसऱ्या पायरीसाठी घेतलेले आणि १० सप्टेंबरच्या तपासणीचे शुल्क परत करावे. लाइमच्या फॉर्मवर चावल्याची व लक्षणांची तारीख आणि प्रवास यांसाठी रकाने ठेवावेत, पहिली पायरी पॉझिटिव्ह किंवा संदिग्ध आल्यास दुसरी त्याच नमुन्यावर आपोआप करावी, अहवालात पद्धत, संच व पट्टे छापावेत आणि पुनर्तपासणीचे ते संदेश ताबडतोब बंद करावेत. आपल्या अहवालावर एनएबीएलचे (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) चिन्ह असते, तेव्हा यात मी काही जगावेगळे मागतो आहे असे मला वाटत नाही.

चारही वेळच्या पावत्या, सर्व अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बॉलपेनच्या रेघेसह काढलेला चट्ट्याचा फोटो सोबत जोडला आहे. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत आपल्या पॅथॉलॉजिस्टच्या सहीचे लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागणार आहे. फोनवरचे उत्तर मी उत्तर म्हणून धरणार नाही.

आपला,
(सही)
शनिवार पेठ, सातारा