सन्निपात, बिहिरी आणि न वाळणारे रंग

अबे भावा,

तीनदा फोन केला, तू उचलला नाही, मेसेजवर दोन निळ्या टिका दिसून राहिल्या पण उत्तर काही नाही. म्हणून आता पत्रच टाइप करून राहिलो, वाचशील तरी. १६ एप्रिल, रात्रीचे अकरा, गॉल, श्रीलंका. तुला गॉल म्हटलं की टेस्ट मॅचच आठवणार, तर हो, ते स्टेडियम किल्ल्याला चिकटूनच आहे आणि मॅच असली की पोट्टे तटावर बसून फुकटात बघतात म्हणे. किल्ला पोर्तुगीजांनी १५८८ ला सुरू केला, मग डचांनी १६४९ पासून दगड आणि समुद्रातलं पोवळं घालून पक्का केला. त्या पोवळ्यामुळे भिंतीचा रंग ना काळा ना तपकिरी, पाऊस पडून गेला की जवळपास जांभळा दिसतो. तीन दिवस त्या एका भिंतीमागे लागलो होतो, नाही जमली.

कारण काय सांगू, रंगच वाळत नाहीत बे! आपण नागपूरला फुटाळा तलावावर बसायचो तेव्हा एप्रिलमध्ये वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) टाकला की ब्रश उचलायच्या आत कागद कोरडा, म्हणून माझा हात तसाच तयार झाला, भराभर टाकायचं आणि वरून दुसरा थर मारायचा. इथे आकाशाचा वॉश टाकला, चहा प्यायलो, परत आलो तर तो तसाच ओला आणि मी वरून नारळाचं झाड टाकलं तर ते झाड आकाशात पसरत गेलं, कडेला फुलकोबीसारखे डाग. कागद पोंगा होऊन पापडासारखा वर आला. पहिल्या आठवड्यात अकरा चित्रं फाडली. मग गेस्टहाऊसमधला हेअर ड्रायर घेतला तर मजल्याचा फ्यूज उडाला, मालकिणीने, म्हणजे अक्काने (इथेही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, आपोआप तोंडात बसलं), मेणबत्ती आणून दिली आणि काही बोलली नाही. ते न बोलणं जास्त लागलं.

आणि हिरवा! अंबाझरी तलावाकाठचा हिरवा आपण सॅप ग्रीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना घालून काढायचो, धूळ बसलेला असतो ना तो. इथे धूळ नाहीच. केळीचं पान आतून दिवा लावल्यासारखं पिवळं, त्याच्या मागे फणस काळपट, त्याच्या मागे नारळ निळसर, आणि तिन्ही एकमेकांना खेटून. ट्यूबमधून काढलेला कुठलाच हिरवा ठेवला की प्लास्टिकचा वाटतो. शेवटी हिरव्या ट्यूबा बॅगेत टाकल्या, इंडिगो (निळा) आणि गॅम्बोज (पिवळा) दोनच घेऊन बसतो, बरं चाललंय.

कोलंबोहून इकडे ट्रेनने आलो, उजवीकडची खिडकी धर, रूळ समुद्राला इतके लागून आहेत की तोंडावर पाणी उडतं. पेरलियाला गाडी जरा हळू झाली. २००४ च्या त्सुनामीत ह्याच मार्गावरची एक भरलेली गाडी तिथे लाटेत गेली, हजाराच्या वर माणसं. स्केचबुक उघडं होतं, बंद केलं.

त्याच्या अलीकडे अंबलंगोडा लागतं, तिथे परत एक दिवस गेलो मुखवट्यांसाठी. आणि इथे तुझी आठवण आली. मुखवटे करतात ते कदुरु नावाच्या हलक्या लाकडाचे, आधी चुलीवर धुरात सुकवतात, मग कोरतात, मग रंग. जुन्या काळी कोणी आजारी पडलं की रात्रभर नाच करून त्या आजाराच्या राक्षसाला बोलवायचं, त्याची टर उडवायची आणि घालवून द्यायचं. असे अठरा आजार, अठरा मुखवटे, त्यांना म्हणतात सन्निया. मी कारागिराला विचारलं सन्नि म्हणजे काय, तो जे सांगून राहिला त्यातून हळूच उलगडलं, अबे हा तर आपला सन्निपात! आजी म्हणायची ना, ताप डोक्यात गेला, सन्निपात झाला. मग त्याने एकेक दाखवला, काण सन्निया आंधळेपणाचा, बिहिरी सन्निया बहिरेपणाचा. काणा, बहिरा! मी हसायला लागलो, त्याला वाटलं चेष्टा करून राहिला.

मग मोबाईलमधून आपल्या नागपूरच्या मारबतीचे, त्या मिरवणुकीतल्या पुतळ्यांचे फोटो काढून दाखवले, पिवळी, काळी, बडगे, ती गर्दी. सांगितलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हीही ओरडतो, रोगराई घेऊन जा गे मारबत, आणि जाळतो. म्हातारा बराच वेळ झूम करून बघत होता. विचारलं, दरवर्षी जाळता? एवढं केलेलं? त्याच्याकडचा एक मुखवटा त्याच्या आज्याच्या हातचा होता. मला पटकन उत्तर सुचलं नाही. चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत जन्म गेला माझा, आपण केलेलं विसर्जन होणार हे लहानपणापासून माहीत, पण ते कोणाला समजवायची वेळ कधी आलीच नव्हती.

निघताना त्याला माझे ओले कागद दाखवले. तो म्हणाला, चुलीवर टांग. सरळ उपाय! अक्काच्या मागच्या स्वयंपाकघरात नारळाच्या सोडणावर चूल पेटते, तिथे दोरी बांधून दिली तिने. आता चित्रं वाळतात, फक्त प्रत्येकाला भाजलेल्या मिरचीचा वास आहे आणि एकावर माशाच्या कालवणाचा शिंतोडा. तो मी तसाच ठेवला, होडीच्या खाली बरोबर बसला.

मधे त्यांचं नवीन वर्ष आलं, तिकडे तुमची चौदा एप्रिलची धूम चालली असेल, इकडे सगळं बंद. सूर्य मीनेतून मेषेत जातो त्या काळात मुहूर्त येईपर्यंत चूल पेटवत नाहीत, काम करत नाहीत. मी ब्रश काढला तर अक्का म्हणे, आज नाही. उपाशीपोटी तटावर जाऊन नुसता बसलो. मुहूर्ताला मडक्यात दूध उतू घातलं तेव्हा कुठे किरीबात मिळाला, नारळाच्या दुधातला घट्ट भात, वड्या पाडलेला. तिला सांगितलं की आमच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष तुमच्याच अनुराधापूरच्या रोपाचा, तर तिने अजून दोन वड्या वाढल्या.

घरी जाऊन माझ्या कूलरमध्ये पाणी आणि ताट्या बघ जरा, आईला जमत नाही. तीस तारखेला येतो. तुझ्यासाठी मुखवटा घेतलाय, बिहिरीचाच. फोनच्या वर टांगून ठेव.

तुझाच,
चितारी