संत्र्याचे भाव आणि अकरा-बारा वर्षं न भरलेली सार्कची बैठक

मा. संपादक, स.न.वि.वि.

आंबिया बहाराचा माल निघाला की संत्र्याचे भाव पडल्याच्या बातम्या तुमच्या पेपरात येतातच, पण त्यात सार्कचं, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश धरून दक्षिण आशियातल्या आठ देशांच्या संघटनेचं, नाव कधी दिसलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या वरूड-मोर्शीकडचं संत्रं वर्षानुवर्षं बांगलादेशात जायचं. तिकडचा आयात कर २०१९ ला किलोमागे २० रुपयांच्या आसपास होता, तो वाढत वाढत २०२३ ला ८८ वर गेला, मग घेणार कोण? बाहेर जाणारा माल इथल्याच मंडीत आला अन् व्यापारी म्हणेल तो भाव.

पण सगळा दोष ढाक्याला देऊन मोकळं होता येत नाही. सप्टेंबर २०१९ ला आपण कांद्याची निर्यात एका फटक्यात बंद केली, तेव्हा बांगलादेशच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या होत्या की आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मी तर स्वयंपाक्याला बिनकांद्याचं करायला सांगितलंय. सगळे हसले. २०२० ला परत तेच, डिसेंबर २०२३ ला परत तेच. भोगलं नाशिकवाल्यांनी. संत्र्यावरचा कर म्हणजे कांद्याचा बदला असं मी म्हणत नाही, त्यांच्याकडे डॉलरची टंचाई होती म्हणून फळांवर कर वाढवले, पण दोन्हीकडे बोलायची जागाच नाही हे खरं दुखणं आहे.

जागा कागदावर आहे हो. सार्क देशांतला मुक्त व्यापाराचा साफ्टा करार २००६ पासून लागू आहे, २०११ ला आपण बांगलादेशसारख्या देशांसाठी दारू-तंबाखूसारख्या २५ वस्तू सोडून बाकी सगळ्यावरचा कर शून्य केला. एवढं देऊन बदल्यात संत्र्याचं काय, हे विचारायला सार्कची शिखर बैठक तर भरायला हवी! शेवटची झाली २०१४ ला काठमांडूत, २०१६ ची इस्लामाबादची उरीच्या लष्करी तळावरच्या हल्ल्यानंतर रद्द झाली ती झालीच. पाकिस्तानला धडा शिकवा, त्याला कोणाची ना नाही, पण सार्कचे निर्णय एकमतानेच होतात त्यामुळे एकाशी बिनसलं की आठही देश गप्प, अन् या भागातला आपापसातला व्यापार पाचेक टक्क्यांवर अडकलेला. तिकडे आसियानमध्ये, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या अशाच संघटनेत, जुलै २०२५ ला थायलंड-कंबोडियाने एकमेकांवर तोफा डागल्या, तरी चार-पाच दिवसांत दोघांचे नेते मलेशियात एका टेबलावर बसले. पुढे परत भांडले ते सोडा, टेबल तर होतं.

राज्य सरकारने निर्यातीला अनुदान जाहीर केलं, ठीक आहे, पण आपण अनुदान द्यायचं अन् त्यांनी कर वाढवायचा हे किती वर्षं चालणार? विदर्भ अन् नाशिकच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून लोकसभेत एवढंच मागावं, पाकिस्तान नको तर नको, बांगलादेशशी कांदा-संत्र्याचा वर्षाचा कोटा आधीच ठरवून घ्या अन् बंदी घालायचीच असेल तर निदान महिनाभर आधी कळवायचं बंधन दोघांवर टाका.

— एक संत्रा उत्पादक, ता. वरूड, जि. अमरावती