मुलांचे फोटो चालतात, मग मुलांनी लिहिलेलं का चालत नाही? शिक्षणमंत्र्यांना सोलापुरातून खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात एका शाळेत सहावीला शिकवतो. शाळेचं नाव लिहीत नाही, उद्या परत फोन यायचा आणि आमच्या मुख्याध्यापक बाईंना आधीच बीपी आहे.

झालं असं की मराठीच्या तासाला बोलीभाषेचा विषय निघाला आणि मी सहज विचारलं, घरी कापड विणायच्या मागाला काय म्हणता रे? निम्मा वर्ग तेलुगू बोलणाऱ्या घरातला, ती पोरं म्हणाली मग्गम, दोन कानडी पोरी म्हणाल्या मग्ग, आणि मराठीत आपण माग म्हणतोच. तीन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि जो गलका झाला म्हणता! मग दोरा आला, तेलुगूत दारम, कानडीत दार. मागून एक जण ओरडला, "सर, हे तर सगळं एकच हाय की!" आता फळा पुसला की हे सगळं गेलं असतं, म्हणून मी गुगल डॉक उघडला, लिंक आयांच्या फोनवर पाठवली (या वयाच्या पोरांना स्वतःचं अकाउंट काढता येत नाही, तेरा वर्षं पूर्ण लागतात) आणि सांगितलं, घरी विचारा, मागावरचे शब्द गोळा करा आणि इथं लिहा.

पहिल्या रात्री कोणी काही लिहिलं नाही, कारण लॉगिन न करता लिंक उघडली की गुगल कुठल्यातरी प्राण्याचं नाव देतं आणि पोरं एकमेकांत मी कोण तू कोण करत बसली. दुसऱ्या रात्री साठेक शब्द झाले. तिसऱ्या रात्री नऊ वाजता बघतो तर पान कोरं. कोणीतरी सगळं सिलेक्ट करून उडवलं होतं. व्हर्जन हिस्टरीतून, म्हणजे डॉकच्या जुन्या नोंदींतून, दोन मिनिटांत परत आणलं, पण कोणी केलं ते काही कळेना, सगळेच अनामिक. सकाळी हजेरीच्या वेळी एक पोरगा आपणहून उठला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, मीच केलो." सोलापूरच्या बाहेरच्यांनी हे वाक्य शुद्ध करू नये. त्याच पोराला मग मी डॉकचा राखणदार केला, रोज एक कॉपी सेव्ह करायचं काम त्याच्याकडे.

महिनाभराने ते एका साध्या वेबपेजवर टाकलं. फोटो नाहीत, आडनावं नाहीत, शाळेचं नाव नाही, पालकांना वर्गात बोलावून दाखवलं आणि त्यांच्या सह्या घेतल्या. त्यात एक ओळ होती, "जेकार्डमुळे चादरीवर डिझाईन येते." जेकार्ड म्हणजे मागावर बसवलेलं नक्षीचं यंत्र. बास, एवढंच. ती लिंक फिरत फिरत भिवंडीला गेली, तिथं एका मुलीचे चुलत आजोबा, जन्मभर माग चालवलेला माणूस, त्यांनी वाचली आणि तिच्या आईला व्हॉइस नोट पाठवली. असं कसं लिहिता रे पोरांनो म्हणाले, वरती पुठ्ठ्याचे पत्ते असतात साखळीसारखे ओवलेले, त्याला भोकं असतात, भोक आलं की तो धागा वर उचलतो, नाही आलं की खालीच राहतो, त्यातनं मोर होतो. वर्गात तीनदा ऐकली ती नोट. मग मी सांगितलं की फ्रान्समधल्या जाकार्ड नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमारास हे काढलं आणि पुढं इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने त्याच्या गणनयंत्राचा आराखडा करताना हेच भोकांचे पत्ते घेतले. मुलांनी ती एक ओळ खोडून अर्धं पान लिहिलं. साहेब, वहीत लाल पेनने "सविस्तर लिहा" असं मी शंभर वेळा लिहिलं असतं तरी कोणी ढुंकून बघितलं नसतं. भिवंडीतला एक माणूस आपलं वाचतोय म्हटल्यावर पोरांनी ऱ्हस्व-दीर्घसुद्धा तपासलं.

आणि मग फोन आला. कुठल्या कार्यालयातून ते लिहीत नाही. "परवानगी कोणाची घेतली? आधी काढा, मग बोला." काढलं. बोलायला मात्र अजून कोणी बोलावलेलं नाही.

गंमत बघा, त्याच कार्यालयाला आमच्याकडून दर उपक्रमाचे फोटो हवे असतात. वृक्षारोपणाचा फोटो, हात धुण्याचा फोटो, पोषण आहाराच्या खिचडीचा फोटो, मुलांचे चेहरे नीट दिसले पाहिजेत, लोकेशन ऑन पाहिजे, आणि ते सगळं भल्यामोठ्या व्हॉट्सअप ग्रुपवर, आजच्या आज. त्याला कधी कोणी पालकांची सही मागितली नाही. म्हणजे मुलाचा चेहरा वर पाठवायला चालतो आणि मुलाने लिहिलेलं वाक्य बाहेर गेलं की ते धोक्याचं?

मुलांची माहिती जपायची नाही असं मी म्हणतच नाहीये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागतो, बरोबरच आहे. पण मग त्याचा मराठीत एक पानाचा नमुना आम्हाला द्या ना! कॉपीराइटचंही तेच. १९५७ च्या कायद्यात कलम ५२ खाली शिकवताना शिक्षक-विद्यार्थ्यांना साहित्य वापरायची सूट आहे, पण वर्गात चालतं ते नेटवर टाकलेलं चालेलच असं नाही, आणि हा फरक आम्हाला कुठल्याच प्रशिक्षणात कोणी सांगितलेला नाही. परिणामी निम्मे शिक्षक पाठ्यपुस्तकातली कविता बिनधास्त अपलोड करतात आणि निम्मे भीतीने मुलांचा स्वतःचा निबंधसुद्धा टाकत नाहीत.

आमच्या जिल्ह्याचं नाव निघालं की लोक डिसले गुरुजींचं नाव घेतात, आणि घ्यावंच. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतला माणूस पुस्तकात क्यूआर कोड आणतो, २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळवतो आणि त्यातली निम्मी रक्कम बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकतो. तो कोड पुढं बालभारतीच्या पुस्तकांवर आला, सरकारचं दीक्षा ॲप आलं. पण साहेब, कोड स्कॅन केला की मूल बघतं. दुसऱ्याने केलेलं बघतं. मुलाने केलेलं दुसऱ्याने बघावं याची सोय कुठाय?

माझं मागणं फार नाही. एक जीआर काढा, दोन पानांचा, त्यात काय चालेल आणि काय नाही ते सरळ मराठीत लिहा. नुसतं पहिलं नाव, चेहरा नाही, पालकांची लेखी संमती, कमेंट आधी शिक्षकाने बघायच्या, आणि पालकाने काढा म्हटलं की त्याच दिवशी काढायचं. दुसरं, शाळेच्या नावाने एक जागा द्या. आज हे सगळं माझ्या खासगी जीमेलवर आहे. माझी बदली झाली किंवा फोन एसटीत राहिला तर पोरांचं वर्षभराचं काम कुठं शोधायचं? शाळेला दाखलखारीज रजिस्टर असतं, कोण आलं कोण गेलं त्याचं, ते गुरुजी गेले म्हणून त्यांच्या पिशवीतून जात नाही. आणि कृपा करून यासाठी नवीन ॲप काढू नका, माझ्या फोनमध्ये शाळेची ॲप इतकी झालीत की घरच्यांचे फोटो डिलीट करून जागा करतोय.

हो, आणि या कामाचे फोटो मागवू नका.

पान सध्या बंद आहे, फाइल राखणदाराने जपून ठेवलीय. भिवंडीच्या आजोबांनी त्यानंतर आणखी अकरा शब्द पाठवलेत, व्हॉइस नोटवर, मागं मागाची खटखट ऐकू येते. मधल्या सुट्टीत मुलं ते टाइप करतायत, काल सातव्यापर्यंत आली होती.

आपला,
सहावीचा एक वर्गशिक्षक, सोलापूर