इनामलुवाला उतरवून देणाऱ्या कंडक्टरला

प्रिय मल्ली,

अख्खी गाडी तुला याच नावाने हाक मारत होती, म्हणून मीही तेच म्हणतो. धाकट्या भावाला म्हणावं तसं. तुमच्या श्रीलंकेतली, कँडीहून दुपारी निघालेली त्रिंकोमालीची लाल बस, आणि तिच्यात दोन बॅगा सांभाळत चढलेलं भारतातलं एक वयस्क जोडपं, आठवतंय का? तुला मराठी येत नाही, हे पत्र तुझ्या हातात पडेल अशी आशाही नाही. पण उतरताना गडबडीत धड आभारसुद्धा मानता आले नाहीत, ते मनाला लागून राहिलंय.

तेव्हा तुला एक सांगितलं नव्हतं. मीही कंडक्टरच. माझी सगळी नोकरी एसटीत, सातारा-कराड-चिपळूण पट्ट्यात गेली. त्यामुळे खिडकीबाहेर बायको बघत होती आणि मी तुला बघत होतो. नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरायची तुझी तऱ्हा, दारात लोंबकळणाऱ्यांना ‘इस्सरहट, इस्सरहट’ करत पुढे सरकवणं, कोण कुठे चढला हे न लिहिता लक्षात ठेवणं. इंजिनाचा आवाज तर डोळे मिटून ओळखला, लेलँड! सिंहली अक्षर वाचता येत नव्हतं, तरी गाडीत परकं असं वाटेना.

तिकीट काढताना आमच्या सौंनी विचारलं, ‘इथे बायकांना अर्धं तिकीट नाही का?’ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत ती सवलत आहे, सवय लागलीय. तुला प्रश्न कळला नाही ते बरंच झालं. पण मी शंभर रुपये जास्तीचे तुझ्या हातात सरकवले, तेव्हा तू ते मोजून जसेच्या तसे परत दिलेस. आणि आमच्या सौ चढल्या चढल्या पुढच्या सीटकडे वळल्या, तेव्हा हात जोडून त्यांना मागे तिसऱ्या रांगेत जागा करून दिलीस. पुढची सीट भिक्खूंची, असं खुणेने सांगितलंस. आमच्याकडे आमदारांसाठी सीट राखीव असते. उभ्या नोकरीत तिच्यावर आमदार बसलेला मी पाहिला नाही. तुझ्या गाडीत मात्र मातळेला खरोखरच एक भंते चढले, आणि त्यांच्यासाठी ती सीट मोकळीच होती.

उभ्या माणसाची पिशवी बसलेला माणूस न विचारता मांडीवर घेतो, ही पद्धत मला फार आवडली. डंबुल्लापर्यंत सौंच्या मांडीवर एका शाळकरी मुलीचं दप्तर होतं.

आता मुख्य गोष्ट. आम्हाला जायचं होतं सिगिरियाला, तो कातळावरचा जुना किल्ला बघायला. तुझी गाडी तिकडे जात नाही, हे मला माहीत होतं. डंबुल्लाच्या पुढे इनामलुवाच्या तिठ्यावर उतरायचं आणि डंबुल्लाहून येणारी लोकल बस पकडायची, एवढं लॉजवाल्याने सांगितलं होतं. तुला नाव सांगितलं, तू मान हलवलीस. मान हलवणं म्हणजे काय ते मी जाणतो. गाडी भरली की कंडक्टरच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात, सुट्टे, चेकर, दारातली पोरं. परगावचा एखादा प्रवासी पुढच्या थांब्यावर नेऊन सोडला जातो, मग शिव्या खातो तो कंडक्टर. डंबुल्लाला निम्मी गाडी उतरली आणि तेवढीच चढली. मी मनात म्हटलं, गेलं आता, हा विसरला.

तू विसरला नव्हतास. तिठ्याच्या अलीकडेच मागे येऊन तू बॅग उचललीस. गाडी थांबली. आम्हाला खाली सोडून बेल मारली असतीस तरी कुणी नाव ठेवलं नसतं, तुझी ड्यूटी तिथे संपत होती. पण तू स्वतः उतरलास, बॅग घेऊन रस्ता ओलांडलास, सिगिरियाच्या फाट्यावर नारिंगी शहाळ्यांची टपरी होती तिथे आम्हाला उभं केलंस आणि टपरीवाल्या बाईंना काहीतरी बजावलंस. एक रिक्षावाला आधीच आमच्याभोवती घोटाळत होता, ‘नो बस, बस फिनिश.’ त्याला तू दोन शब्दांत गप्प केलंस. तेवढ्यात मागून येणारी खासगी गाडी हॉर्न वाजवत तुझ्या गाडीला ओलांडून गेली.

ते फक्त मला कळलं, मल्ली. पुढे हबरनापर्यंतच्या थांब्यांवरची माणसं आता ती गाडी उचलणार. आमच्याकडे वडापवाले, म्हणजे खासगी जीपवाले, हेच करतात. त्यांच्या मागे पडलेली रिकामी गाडी आगारात नेली की काय ऐकावं लागतं, ते मी भोगलंय. तुझा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. तू मात्र पळत गेलास तो बाईंचं ‘हो, हो’ ऐकूनच.

थोड्या वेळाने सिगिरियाची बस आली. टपरीवाल्या बाईंनी हात करून ती थांबवली, कंडक्टरला आमचं ठिकाण सांगितलं आणि शहाळ्याचे पैसे तेवढे घेतले. तिथून जेमतेम दहा किलोमीटर. संध्याकाळी त्या रस्त्यावर हत्ती येतात, असं नंतर लॉजवर कळलं. रिक्षा नाकारून उजेडी पोचलो ते बरं झालं.

तुमची सरकारी बससेवा १ जानेवारी १९५८ पासूनची, असं एका सहप्रवाशाने सांगितलं. आमची एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला निघाली. म्हणजे आम्ही थोरले. त्या नात्याने मानधन किंवा बक्षीस पाठवता आलं असतं तर पाठवलं असतं, पण तू घेतलं नसतंस. कधी महाराष्ट्रात आलास तर कराडहून चिपळूणची गाडी पकड, कोयनेच्या बाजूने पावसाळ्यात. कुंभार्ली घाट बघ. जेवायला घरी ये.

आणि एक तक्रार, रागावू नकोस. तुझा ड्रायव्हर समोरून लॉरी येत असताना वळणावर पुढे घुसतो. आमच्या सौंनी मातळेपासून माझं मनगट धरून ठेवलं होतं, अजून वळ आहे. त्याला एवढं सांग, की वेळ पुढच्या स्टँडवर भरून निघते.

तुझा,
एक निवृत्त वाहक, कराड